तळीचा पाचवा हात

मंडळी, नातीच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत लिहितोय, सांभाळून घ्या.

आज चंपाषष्ठी. सकाळी दिंडोरीहून पुतण्याचा दरवर्षीसारखा फोन आला, "काका, तळी भरायला या." वाटणीवरून भावाशी बिनसल्यापासून सहा वर्षं मी गेलो नव्हतो. "गुडघा दुखतोय रे," म्हणून फोन ठेवला.

नात टीव्हीवर नाताळचं जुनं इंग्रजी संगीत नाटक बघत होती. त्यातल्या खडूस म्हाताऱ्याला पुतण्या दरवर्षी सणाला जेवायला बोलावतो आणि म्हातारा त्याला हाकलून देतो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही निदान गुडघ्याचं तरी सांगता!"

शेवटी तो म्हातारा पुतण्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मीही उठलो आणि एसटी धरली.

तळीच्या ताटाला पाच जणांचे हात लागतात. माझ्या जागी इतकी वर्षं शेजारी हात लावायचा. मला दारात बघताच भाऊ आत वळून ओरडला, "शेजारी निरोप द्या, आमचा पाचवा आला!"

"येळकोट येळकोट" म्हणत आम्ही पाचांनी ताट उचललं. मग भरीत-रोडगा पोटभर खाल्ला.

सहा नकार ऐकूनही सातव्यांदा फोन लावणाऱ्या त्या पोराचे उपकार कसे फेडू? तुम्हालाही असं कुणी दरवर्षी बोलावतं का? यंदा काय सांगितलंत त्यांना?