वाचून होईपर्यंत

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात गारखेड्याच्या टँकर कार्यालयात मी तयार केलेलं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पाण्याची मागणी आली की संगणकाच्या कोपऱ्यात सूचना झळकायची आणि पाच सेकंदांत नाहीशी व्हायची. ती मुदत मीच ठरवलेली. सूचना रेंगाळली की लोक वैतागतात, असं माझं ठाम मत होतं.

तिथं फोन घ्यायला एक वयस्क बाई होत्या. फोनवर कुणाचं ऐकताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा तेवढ्यात एक सूचना निघून गेली आणि पुंडलिकनगरातली एक गल्ली दोन दिवस कोरडी राहिली.

"मावशी, स्क्रीनवर लक्ष ठेवायचं ना," मी म्हणालो.

"समोरची पाण्यासाठी रडायली, तिला सोडून कोपऱ्यात बघू व्हय? वाचणारी मी हाय दादा, अन् किती वेळ वाचायचं ते तुम्ही ठरवायले."

आमच्या ऑफिसात चार दिवस भांडून मी ती मुदत ठरवणं वापरणाऱ्याच्या हाती दिलं. मावशींनी 'मी बंद करेपर्यंत' हा पर्याय निवडला आणि मला चहा पाजला.

नाव विचारायचं राहिलं. पण अजूनही काही बनवताना मी आधी विचार करतो, की हे वाचणारं माणूस तेव्हा कुणाचं ऐकत असेल. ही सवय त्यांनी लावली.