पणजीबाईंचं कालवण

आमच्या मोठ्या काकूचं कुणी कौतुक केलं, की ती आधी मागे वळून बघते. दुसऱ्याच कुणाला म्हणत असतील, असा तिचा समज. दवाखान्याच्या शिवणखोलीत तिने उभी हयात काढली. फाटक्या चादरींना ठिगळं, ऑपरेशनच्या झग्यांना बंद, पडद्यांना पट्ट्या. तिने केलेला रफू शोधायला भिंग लागायचं, आणि तरी डॉक्टरीणबाई "छान" म्हणाल्या की ही म्हणायची, "मशीन नवं आहे हो."

अभिमान तिला एकाच गोष्टीचा होता, पणजीबाईंच्या कालवणाचा. मसुराचं आंबट-तिखट कालवण, आणि त्यात तांदळाचं पीठ वेगळ्या भांड्यात दाट शिजवून ओतायचं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. घरातल्या सगळ्या सुनांना ते काकूने शिकवलं, माझ्या आईलासुद्धा. काकूला शिकवलं आजीने, म्हणजे तिच्या सासूने. आजी म्हणायची, माझ्या सासूबाई असं करायच्या, म्हणून आम्हा पोरांच्या तोंडी पणजीबाईंचं कालवण हे नाव बसलं ते बसलंच.

निवृत्तीच्या दिवशी काकूने डबा भरून तेच नेलं. शिवणखोलीतल्या बायकांनी बोटं चाटून खाल्लं आणि विचारलं, "ह्या पणजीबाई कुठल्या? त्यांना कुणी शिकवलं?" काकूला काही सांगता येईना. घरी आली ती तोंड पाडून.

"अगं, गेलेल्या बाईची आता काय चौकशी करायची?" मी म्हटलं. मला असल्या वंशावळींचा भारी कंटाळा आहे. ताटात पडलं ते गरम असताना खावं, एवढंच मला कळतं.

"तुला नाही कळायचं," काकू म्हणाली. "सासूबाईंनी मला कधी वाईट म्हटलं नाही, पण बरंही म्हटलं नाही. एवढी वर्षं एका छपराखाली राहिलो, पण मी त्यांना आवडले की नाही, मला आजही ठाऊक नाही. हे कालवण तेवढं त्यांनी मला जवळ बसवून शिकवलं. घरातली जुनी गोष्ट कुणी परकीच्या हातात देत नाही ना गं? मग ते कुठून आलं, हे मला माहीत नको?"

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले.

विचारण्यासारखं माणूस एकच उरलं होतं. आजीची बहीण, आमची धाकटी आजी. काकू लग्न होऊन आली, त्या दिवसांत ती आजीकडेच राहायला होती. आता लेकाकडे असते, चौथ्या मजल्यावर. गुडघ्यांनी बेजार, पण कान आणि जीभ ठणठणीत. आम्ही गेलो तर पलंगावर बसून खिडकीतून समोरच्यांच्या गच्चीवर नजर ठेवून होती. काकूने पिशवीतून डबा काढला. "आधी खा, मावशी. मग विचारते."

धाकट्या आजीने एक घास घेतला आणि आमच्याकडे बघतच राहिली. "अगंबाई! ही खळ अजून चालूच आहे का?"

"खळ कसली? पणजीबाईंचं कालवण आहे हे," काकू म्हणाली.

धाकटी आजी हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत. मी पाठ चोळली, पाणी दिलं.

"कसल्या पणजीबाई! ताईच्या सासूला मसूर पचायचाच नाही, ती कुठलं कालवण करतेय? तुझा तो मामा जेवायला आला होता, आठवतं? लग्नाला महिनाही झाला नव्हता तुझ्या."

मामाला काकू कशी विसरेल? आईवेगळ्या पोरीला त्याने वाढवलं आणि वाढवल्याचं जन्मभर ऐकवलं. "हिच्या हातात सुई शोभते, पळी नाही," असं भर मांडवात म्हणाला होता.

"तू घाबरून अर्धी झाली होतीस," धाकटी आजी सांगू लागली. "ताई म्हणाली, मसुरात भाताची पेज ओत. ओट्यावर दोन भांडी शेजारी शेजारी. एकात पेज, दुसऱ्यात तू शर्टांना घालायला केलेली खळ. तू खळ ओतलीस आणि पाणी द्यायला बाहेर पळालीस."

खळ म्हणजे तांदळाचं पीठ दाट शिजवलेलं, कपडे कडक करायचं. शिवणाऱ्या बाईच्या घरात ती असायचीच. दुसऱ्या कुणाच्या घरी ही चूक झालीच नसती.

"ताई बघते तर भांड्यात लगदा! मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, बाहेर तो टपून बसलाय, पोरीची सालटी काढील. मग चिंच घातली, मिरी घातली, आणि वाढताना मामाला म्हणाली, आमच्या घरची जुनी रीत आहे, माझ्या सासूबाई असंच करायच्या. तुझ्या सासऱ्यांनी चमकून मान वर केली. ताईने असे डोळे वटारले, की त्यांनी निमूटपणे आणखी वाढून घेतलं."

"नशीब, खळीत नीळ नव्हती," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"भांडं रिकामं दिसलं असतं ना मला?" काकूने विचारलं.

"तू आत येईपर्यंत ताईने नवी खळ करून ठेवली होती. पेज मी पिऊन टाकली. मामा जाताना म्हणाला, पुढच्या वेळी हेच करा. मग तुला शिकवणं आलंच."

काकूचा चेहरा उतरला. मला त्या म्हाताऱ्या मामाचाही राग आला आणि धाकट्या आजीचाही. कशाला सांगितलं हिने?

"म्हणजे जन्मभर त्या मनातून मला हसत होत्या," काकू म्हणाली.

"हसत होती?" धाकटी आजी एकदम चिडली. "ताईला घट्ट कालवण घशाखाली उतरायचं नाही. माहेरी आम्ही मसुराचं कालवण पाण्यासारखं पातळ करायचो, लसणाची फोडणी देऊन. त्यावर तिचा जीव. तू आलीस आणि ते तिच्या ताटातून गेलंच. मी कितीदा म्हटलं, पोर रुळली आता, सांगून टाक. तर म्हणायची, ती एवढ्या हौसेने करते, तिचा हिरमोड कशाला? माझं काय, मी गिळते. शेवटच्या दुखण्यात तू काय भरवत होतीस तिला?"

"हेच," काकू म्हणाली. "दुसरं काही जाईना, म्हणून मी हे करायचे. वाटी पुसून खायच्या."

आणि ती रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, काका गेले तेव्हाही नाही.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि पदर खोचला. "मावशी, मसूर कुठे ठेवलाय? त्यांना आवडायचं ते कसं करायचं, सांगा मला."

धाकटी आजी पलंगावरून ओरडून सांगत राहिली, काकू करत राहिली. मला लसूण सोलायला बसवलं. लसणाने डोळ्यांत पाणी येत नाही म्हणतात, माझ्या आलं.

काकूने वाटीत वाढून घेतलं, फुंकर घातली आणि उभ्याउभ्याच घोट घेतला.

"किती छान लागतं हो," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचं मला. मी रोज केलं असतं."