आबांच्या पोटातला जोड

माझ्या धंद्यात बसायची सोय नाही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बॅग घेऊन उभं राहायचं. बॅगेत पोटातल्या बारीक शिरांना लावायच्या क्लिपा असतात, आणि कापलेल्या आतड्याची दोन टोकं जोडणारे स्टेपलर, वेगवेगळ्या मापांचे. आतून सिस्टर माप सांगते, मी तेवढं पाकीट पुढं करतो. उरलेला माल घेऊन गडहिंग्लजची एस.टी. पकडायची आणि तिथल्या दाराशी उभं राहायचं. बाकावर बसलेले नातेवाईक मला सरकून जागा देतात. "बसा की पावणं. तुमचं कोण हाय आत?" कोणी नाही म्हटलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मुळात मला एका जागी बसता येतच नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी बांधलीय.

गेल्या पावसाळ्यात मात्र माझं माणूस आत होतं. आबा, माझे वडील. मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. तेवढा भाग काढायचा आणि उरलेली टोकं स्टेपलरने जोडायची, असं ठरलं. माल मीच पुरवत असल्याने बॅग त्या दिवशीही माझ्याच हातात होती. सिस्टरने माप सांगितलं, मी पाकीट पुढं केलं आणि तिने धरल्यावरही मला ते सोडवेना. तिने हळूच ओढून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, जोड पाण्यात बुडवून आतून हवा भरली, एकही बुडबुडा आला नाही. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बघतो तसंच हे. दुसरा कोणी असता तर तिथंच निश्चिंत झाला असता. मला नको तेवढं माहीत होतं. असा जोड सुटायचा तर नंतरच्या दिवसांत सुटतो, मग आतली घाण पोटात पसरते, मग पुन्हा पोट उघडायचं. आबांच्या वयाला ते झेपलं नसतं. "गॅस पास होईपर्यंत पाण्याचे घोट," सर्जन म्हणाले, "दुसरं काही नाही."

झालं, माझ्या येरझाऱ्या सुरू. आबांच्या कपाळावर हात, पोटावर हात, पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या पिशवीत वाकून बघ, पुन्हा व्हरांड्यात फेरी. अख्ख्या वॉर्डाला मी फिरताना दिसत होतो.

"आरं, जरा बूड टेक की," आबा वैतागून म्हणाले. "तुझ्याकडं बघून मला घेरी याय लागलीया."

ह्या स्टेपलरची आबांची ओळख जुनी. मी धंद्यात नवा होतो तेव्हा डॉक्टरांपुढं प्रात्यक्षिक करायच्या विचारानेच घाम फुटायचा. मग शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी, मोरीत सराव चालायचा. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं आतडं आणायचं, कापायचं, स्टेपलरने जोडायचं. आबा तांब्याने त्यात पाणी ओतायचे आणि आम्ही दोघं जोडाकडं टक लावून बसायचो. थेंब गळायचा नाही. आई मागून ओरडायची, मोरी कोण धुणार. पुढं डॉक्टरांच्या प्रत्येक बैठकीत मी तेच केलं आणि तेच वाक्य ऐटीत म्हटलं, थेंब गळत नाही. आता व्हरांड्यात फिरताना मला ते वाक्य नकोसं झालं होतं. बकऱ्याच्या त्या आतड्याला पुढं काही पचवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला खाली गेलो आणि वर आलो तर वॉर्डभर मटणाचा वास. आबांच्या उशाला मुरगूडची आत्ती, म्हणजे त्यांची थोरली बहीण, थर्मासचं झाकण हातात घेऊन बसली होती. आबा मिशा पुसत होते. आबांची आई ते लहान असतानाच गेली, त्यांना आत्तीनेच भरवून मोठं केलं.

"आत्ती, काय पाजलंस?"

"अळणी हाय रं. तिखटाचं बोट सुदीक लावलं न्हाय."

अळणी म्हणजे मटण शिजतं ते पाणी, बिनतिखटाचं. आमच्याकडं बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, तालमीतल्या पोरांना तेच देतात. मटण असलं तरी ते पथ्यात मोडतं, ह्याबद्दल कोल्हापुरात कुणाचं दुमत नसतं.

"पाण्याशिवाय काय द्यायचं न्हाय म्हणून सांगितलतं की. जोड कच्चा हाय त्यांचा."

"पाण्यागतच हाय की ते," ती म्हणाली.

मग मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलंच आहे. आत्ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली, ते नीट बसेना. ते तसंच पिशवीत घालून, चहाही न घेता, ती स्टँडवर गेली.

सर्जननी येऊन पोट दाबून बघितलं. "झालं ते झालं. ताप चढतोय का, पोट फुगतंय का, बघत राहू." ते गेल्यावर आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला कशाला बोललास? मीच फोन करून मागवलं."

"तुम्ही?"

"भूक लागलती. आन् तूच म्हणालतास की, थेंब गळत न्हाय. मी सोता पाणी वतलंय. मग भ्यायचं कशाला?"

ते बकऱ्याचं आतडं होतं आबा, असं अगदी ओठावर आलं. पण माझ्या एका वाक्याच्या भरवशावर ते असे निवांत पडले होते, आणि मी आतून पार घाबरलो होतो. तो भरवसा काढून घेऊन त्यांना दुसरं काय देणार होतो? मी पलंगाच्या कडेला बसलो. पाय तरीही हलतच होते.

त्यानंतर सगळा वॉर्ड एकच विचारायचा, "सरलं का वारं?" शेजारचा पेशंट, त्याची बायको, झाडायला येणाऱ्या मावशी, सगळे. ताप चढला नाही, पोट फुगलं नाही, पण वारंही सरेना. शेवटी एका सकाळी मी आबांचं तोंड पुसत होतो आणि ते सरलं, असं दणक्यात की पडद्यापलीकडून शेजारी म्हणाला, "सुटलासा बघा पावणं." मला हसू आणि रडू एकदमच आलं. सर्जननी पेज सुरू करायला सांगितली.

मी मुरगूडला फोन लावला. आत्तीच्या सुनेनं उचलला आणि मी काही बोलायच्या आतच विचारलं, "भावजी, सरलं का वारं? अत्याबाई हितं आल्यापासनं पाण्याच्या घोटावर हायत. त्याला न्हाय तर मलाबी न्हाय म्हंत्यात."

"आत्तीकडं द्या फोन," मी म्हणालो. आबांनी हात पुढं केला, मी फोन दिला.

"आक्का," ते म्हणाले, "जोड धरला. तू जेव आता."

पलीकडून ताट मांडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी फोन कानावरून काढला नाही.