सोनेरी डब्यावरची साय

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी चिंच आणि राख घेऊन भांडी घासत बसले होते. मलकापूरहून त्याच्या शेजारचा गणपा सकाळच्या गाडीनं सांगलीला आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आवं ताई, अण्णा ऱ्हायलं न्हाईत." ताप येतोय असं पत्र आठवड्यापूर्वी आलं होतं. तापाचं काय एवढं, म्हणून मी गेले नव्हते. मला रडू आलं नाही. हातातली कढई तशीच घासत राहिले, आणि मनात आलं ते भलतंच... माझा डबा राहिला. सख्खा भाऊ गेला आणि हिला डबा आठवला, असं कुणी म्हणेल. महिना होऊन गेला, मलाही त्याचा उलगडा होत नाही.

लढाईच्या काळात अण्णा विमानदुरुस्तीच्या कारखान्यात होता. परत आला तो ॲनोडायझिंग नावाची विद्या घेऊन. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणतात, त्यामुळे आई शेवटपर्यंत त्या विद्येला ‘जर्मनला न्हाऊ घालणं’ म्हणायची. गोठ्यातली म्हैस परसात गेली आणि तिच्या जागी लष्करी मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या, शिशाचे पत्रे आणि तेजाबाची बरणी आली. बरणी लोणच्याची होती, हे आईनं त्याला कधी माफ केलं नाही. तारेला टांगून डबा तेजाबात सोडायचा, वीज द्यायची, मग सूत रंगवायच्या रंगात बुडवायचा आणि शेवटी उकळत्या पाण्यात. बाहेर यायचा तो सोन्यासारखा. "मुलामा का रे हा?" मी विचारलं, तर चिडला. "मुलामा वरनं देत्यात, शांते. ही जर्मनची सोताची साय हाय. असतीच ती, पर लय पातळ. आपण निस्ती जाड करायची." एक खोट मात्र राहायची. तार जिथं डब्याला धरते तिथं साय येत नाही. "धरल्याबिगर काम न्हाई, आन धरलं तितंच उघडं ऱ्हातंय," असं म्हणत अण्णा तो ठिपका बुडाशी ठेवायचा.

मी लग्न होऊन सांगलीला येणार, तिथं शाळेत शिकवणार, म्हणून त्यानं माझ्यासाठी एक डबा केला. आठ दिवस खपत होता. पण बिननावाचं भांडं आमच्यात लेकीबरोबर जात नाही. "नाव न्हाई ते भांडं सासूचं," आई म्हणाली, आणि डबा कराडच्या बाजारात नाव घालणाऱ्याकडे मीच नेऊन दिला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी लेकीला द्यायची वस्तू बापाच्याच नावानं द्यायची, हा रिवाज. ‘शांता हिस वडिलांकडून’ असं नाव घालणाऱ्यानं छिन्नीनं ठोकून दिलं. अण्णाचं नाव कुठंच नव्हतं. लग्नघाईत मला ते सुचलंही नाही. संध्याकाळी अण्णानं डबा हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "साय मोडली," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "अक्षरागणिक उघडा पडलाय. चिंच खाईल त्याला. ऱ्हाऊ दे, नव्यानं करून देतो."

डबा त्याच्याकडेच राहिला, मी तशीच सासरी आले. त्यानंतर तो चार भाऊबिजांना सांगलीला आला. ओवाळून घेतलं, पोटभर जेवला, डब्याचा विषय काढला नाही. मला वाटायचं, रागावलाय. मग वाटायचं, विसरलाय. चौथ्या वर्षी मी जाता जाता विचारलं तर म्हणाला, "हुतंय, हुतंय." मला काय झालं कोण जाणे, मी फटकन म्हणाले, "आता नको मला तो डबा." तो चपला घालून निघाला. ती आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर वहिनीनं फडक्यात गुंडाळलेला डबा माझ्या मांडीवर ठेवला. रंग असा, की डोळा ठरेना. हातात घेतला तर कागदासारखा हलका, झाकण सैल. "वर्सातनं दोन-तीनदा काढायचं," वहिनी सांगत होती. "न्हाई जमलं म्हणायचं, कॉस्टिक सोड्यामदी टाकून साय सोलायचं, पुन्यांदा करायचं. सोलताना खालचा पत्राबी झिजतोय, म्हणायचं, तरीबी करायचं. औंदा भाऊबिजेस्नं तुमच्याकडनं आल्यावरबी काढला हुता."

"पण जमत काय नव्हतं?"

"मला काय ठावं, वन्सं? कवा म्हणायचं अक्षरं जाया लागली. कवा म्हणायचं अजून दिसत्यात."

आता ती अक्षरं दिसत नाहीत, बोटाला तेवढी लागतात. ती त्याला पुसायची होती की जपायची होती, हे मी कितीदा तरी स्वतःला विचारलं. वडिलांच्या नावाचा त्याला राग असेल, तर माझ्यावरही असेल. नसेलच, तर माझ्या त्या ‘नको’नंतरही तो डबा सोलत होता ते कुणासाठी... कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. दोन्ही एकाच दिवशी खरी वाटतात, तेव्हा फार त्रास होतो.

डबा मी वापरायला काढलाय. राख लावत नाही, चिंच लावत नाही, नुसता पाण्यानं विसळते. बुडाशी तारेनं धरल्याचा ठिपका आहे, तो पुसताना हात आपोआप हळू होतो. परवा शाळेत मधल्या सुट्टीत एक बाई डबा हातात घेऊन म्हणाल्या, "किती सुरेख हो! पण नाव घालून घ्या, नाहीतर हरवेल एखाद दिवशी."

"नको," मी म्हणाले. मागचं नव्हे, हे ‘नको’ अण्णाला ऐकू जायला हवं होतं.