इथं समदं तुजंच

"थांब रं, मना बगू दे."

लग्नघरात पाऊल टाकलं की ती आधी हे म्हणायची. आमच्या उरणकडे हळदीला धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ती धवलारीण, मी मंडपवाला. लग्नघर पावडर लावण्याआधी बघायला मिळतं ते आम्हा दोघांनाच. म्हणून आमचं जमलं.

इतर बायका पाठ केलेले धवले गात. ही प्रत्येक घरासाठी एक नवा रचायची. सकाळीच यायची, चुलीपासून परसापर्यंत हिंडायची, त्या घरातली एक गोष्ट हेरायची. जुनाच गा म्हटलं की तोंड वाकडं. "कालची मच्छी आज वाढू?"

एकदा मी शिडीवर. तोंडात सुतळी, दोन्ही हात बांबूला, आणि लुंगी खिळ्याला लटकलेली. खाली ही उभी.

"मावशी, बघू नकोस."

"तू बांद. मी बगते."

संध्याकाळी माझी लुंगी धवल्यात आली. मांडव हसून लोळला. मी उठून चारी दिशांना वाकून नमस्कार केला. आपल्यावर रचलेल्या गाण्याचा मान राखावा लागतो, मंडळी.

दुसऱ्या एका घरी नवरीचा बाप कुणाला सापडेना. हिला सापडला. हळदीत तिने सूर लावला:

"बापूस नवरीचा परसदारी बैसला गो,
लेकीचे जुने चपलेला पालीस करतो गो."

बायका हसल्या. मग बापाकडे बघून गप्प झाल्या. त्या चपला लेक सासरी नेणार नव्हती.

पुढे मिठागरांवर भराव पडला, कंटेनर आले, पैसा आला, लग्नं हॉलमध्ये गेली. तिच्या नातीचंही गेलं. सजावट अर्थात माझी. प्लॅस्टिकची फुलं, पोकळ खांब, पाण्याशिवाय वाहणारा धबधबा. राजवाडा दाखवावा तसा मी तिला हॉल फिरवून दाखवला.

मेकअपच्या खुर्चीतून नात ओरडली, "आजी, माझ्यासाठी काय बघितलंस?"

"बगते गं."

ती पुन्हा हिंडली. केटररने स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही. येऊन तिने माझ्या खांबावर टिचकी मारली. "इथं समदं तुजंच हाय रं. घरच्यांचं काय हाय?"

"घरची तू आहेस की," मी म्हणालो. ती हसली नाही.

डीजेवाल्याने दोन गाण्यांच्या मध्ये माइक तिच्या हातात दिला. तिने नातीकडे पाहिलं आणि गायला लागली. बापूस नवरीचा परसदारी बैसला गो.

तिचा मुलगा, नवरीचा बाप, ट्रेलरच्या धंद्यातला. नव्या सुटात तो लाजून हसला. त्याने कुणाच्याच चपलेला कधी पॉलिश केलं नव्हतं. टाळ्या पडल्या. नातीने आजीला मिठी मारली, सगळं मोबाईलमध्ये आलं. कुणाला काही कळलं नाही.

स्टेजवरून उतरताना माझा दंड धरून ती म्हणाली, "शिली मच्छी वाढली रं."

त्यानंतर तिने हळदीची सुपारी घेतली नाही. अंगणात बसायची. समोर खाडी होती तिथे आता कंटेनरांची भिंत.

"काय बघतेस, मावशी?"

"काय न्हाय."

गेल्या वर्षी ती वारली.

परवा एका हळदीनंतर खुर्च्यांची पांढरी कव्हरं काढत होतो. एकावर हळदीचा पंजा उमटला होता. कुणीतरी बाई टेकून उठली असावी, मनगटापाशी बांगडीचा अर्धा गोल. मी कव्हर हातात घेऊन उभा राहिलो. दिसलं, मावशी. पण ओळ काही येईना.

लॉन्ड्रीवाला म्हणाला, "शेठ, काळजी नको. जाईल हा डाग."

गेला.