पडद्यावरचं बेट

भूगोलाच्या बाई वर्गाच्या खिडकीतून रोज समोरचं बेट बघायच्या, त्याच्याबद्दल शिकवायच्या, पण तिथे कधी गेलेल्या नव्हत्या. त्यांना होडी लागायची. लग्नानंतर एकदा निघाल्या होत्या, तर धक्का नजरेआड व्हायच्या आत पोटात असं ढवळून आलं की नावाड्यानेच होडी मागे वळवली. तेव्हापासून त्यांनी समुद्राला लांबूनच नमस्कार केला होता.

त्यांची धाकटी नणंद मात्र त्याच बेटावर राहायची. किनाऱ्यावरच्या कासवांच्या घरट्यांची राखण करणं ही तिची नोकरी. माहेरी आली की चिडवायची, "वहिनी, तू बेट शिकवतेस म्हणजे पोहता न येणाऱ्याने पोहण्याचा क्लास काढण्यासारखं झालं."

"मार्क तर मिळतात ना मुलांना?" बाई म्हणायच्या.

मार्क मिळत होते, हेच दुखणं होतं. मुलं बेटाची व्याख्या धडाधड लिहायची आणि विसरून जायची. एकदा खारफुटीचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "बाई, भरतीत ही झाडं बुडून मरत कशी नाहीत?" मुळं चिखलाबाहेर येऊन श्वास घेतात, असं पुस्तकातलं उत्तर बाईंनी दिलं. मुलीने मान डोलावली, पण तिच्या गळी काही ते उतरलेलं दिसेना. बाईंनी पर्समधून फोन काढला आणि तिथल्या तिथे नणंदेला व्हिडिओ कॉल लावला.

सुरुवातीला वर्गाला नुसती तिची हनुवटी दिसली. मग फोन वळला आणि चिखलातून वर आलेली मुळं दिसली, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. त्यांच्यामधून एक मासा चक्क उड्या मारत चालला होता.

"हा निवटा," नणंद म्हणाली. "पाण्यात कंटाळा आला की फिरायला येतो."

अख्खा वर्ग त्या एवढ्याशा फोनवर तुटून पडला. दंगा ऐकून मुख्याध्यापक रागवायला आले, ते तास संपेपर्यंत उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धूळ खात पडलेला प्रोजेक्टर काढून दिला. मग दर आठवड्याला बेट वर्गात येऊ लागलं. नणंदेने फोन काठीला बांधला. मुलं सांगायची, "आत्या, जरा डावीकडे," की ती निमूट डावीकडे वळायची. "नवऱ्याचं मी एवढं कधी ऐकलं नाही," असंही वर म्हणायची.

बोलबाला झाला आणि इतर शाळांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा ठरली. शिकवणार बाईच. सभागृह भरलं, पडद्यावर बेट आलं, सगळं रंगात आलं आणि नेमका नणंदेचा पाय घसरला. फोन चिखलात, पडदा काळा. "मी ठीक आहे," एवढं ऐकू आलं आणि मग तेही बंद. लोक हसले. बाई वेळ मारून नेत होत्या, तेवढ्यात एका तरुण शिक्षकाने सहज विचारलं, "त्या चिखलात पाय किती आत जातो हो?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तिथे कधी गेलेच नाही."

कोणी टोमणा मारला नाही, पण ते वाक्य बाईंच्या मनातून जाईना. घरी जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रविवारी तुमच्या बहिणीकडे जाऊ या."

त्याचा घास हातातच राहिला. "होडीने?"

"नाही, चालत."

रविवारी होडीत गोळी घेऊनही उलटी झालीच. मागे फिरायचं का, असं नवऱ्याने विचारलं, तर बाईंनी हातानेच पुढे चला म्हणून सांगितलं. नणंद पाण्यात उतरून वाट बघत होती. आज तिने थट्टा केली नाही, फक्त हात धरला. खारफुटीत पहिलं पाऊल टाकलं आणि बाईंचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. कुजक्या पानांचा खारट, उग्र वास नाकात भरला. आणि चहूकडून बारीक टक टक ऐकू येत होतं.

"हा कसला आवाज?"

"छोटी कोळंबी असते, ती नांगी वाजवते. फोनमध्ये नाही येत तो."

"कधी बोलली नाहीस."

"मला आता तो ऐकूही येत नाही, वहिनी. सवय झाली."

बाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. पाय रुतलेला, चप्पल गेलेली आणि तोंडभर हसू.

पुढच्या कार्यशाळेत त्यांनी शिक्षकांना आधी ओहोटीच्या वेळी बेटावर नेलं आणि पडदा नंतर दाखवला. कोळंबीची टक टक पकडणारा चांगला मायक्रोफोन आला. एका खांबावर पाण्यात बुडूनही चालू राहणारा कॅमेरा बसवला. मुळं भरतीत बुडतात आणि ओहोटीला पुन्हा मोकळी होतात, ते चित्रण मुलं भराभर पुढे पळवून बघू लागली. नणंद शिक्षकांना चिखलात चालायला शिकवायची आणि पडणाऱ्यांना शाबासकी द्यायची.

परवा डोंगरातल्या एका शाळेला बेट दाखवलं, तर लगेच तिथून फोन आला. तिथल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. "बाई," तिथले मास्तर म्हणाले, "चित्र राहू द्या. मुलं म्हणतायत, तो आवाज पुन्हा लावा."

बाईंनी आवाज लावला आणि पलीकडचा वर्ग शांत झाला.