खेळातल्या घराचा मालक

मी पटवारी होतो, म्हणजे तिकडे महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात तो. नोकरीभर इकडे आमच्या बरगीकडच्या गावांत शेतं मोजली, जमीन कोणाच्या नावावर आणि कब्जा कोणाचा याच्या नोंदी केल्या. जमिनीच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवली तर आजही माझं टाळकं फिरतं. पण मागच्या वर्षी मुलीनं मोबाइलवरच्या एका खेळात ओढलं आणि माझं डोकं चालेनासं झालं.

मुलगी नोकरीला पुण्यात. फोनवर आमचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नसे. खेळात मात्र रोज संध्याकाळी सातला भेट व्हायची. लाकूड तोडायचं, दगड आणायचे, घर बांधायचं. तिनं दोन खोल्या आणि गच्ची उभी केली, मी भोवती कुंपण घातलं, तेही पावलं मोजून. बायको म्हणायची, "जमिनीवरची मोजणी सुटली, तर आता हवेत मोजून राहिले का?" मी चिडायचो. खरं म्हणजे मलाही कोडंच होतं. आपण मोबाइल बंद केला तरी घर तिथं उभंच, परके खेळाडू त्याच्यासमोरून ये-जा करतात. तिथं म्हणजे कुठं? मुलगी म्हणायची, सर्व्हरवर. तो कुठं आहे हे तिलाही सांगता येईना.

मग तिचं येणं कमी झालं आणि एके दिवशी थांबलंच. मी विचारलं नाही. एकटाच जाऊन कुंपण बघून यायचो.

अशात खेळ चालवणाऱ्यांची सूचना आली. ज्या घराचा मालक तीस दिवस फिरकणार नाही, ते पाडून जागा मोकळी करणार. मी कॅलेंडर काढलं. तिला येऊन सव्वीस दिवस झाले होते. जागा तिनं निवडलेली, पहिला दगड तिचा, म्हणजे घर तिचंच. मी नुसता कुंपणवाला.

'ये' म्हणायला जीभ रेटेना. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी सवयीनं वही घेऊन पंचनाम्यालाच बसलो. पाडण्याआधी पंचनामा हवाच. खोल्या दोन, गच्ची एक, दार पूर्वेला, चूल एक. मालक म्हणून मुलीचं नाव लिहिलं. कब्जेदार कोण, इथं पेन अडलं. रोज जातो मी, पण घर तिचं. इतक्या नोंदी केल्या, ही एक जमेना. शेवटी फोन लावला.

"उद्या आपलं घर पाडून राहिले ते लोक. पाच मिनिटं येऊन जा."

"काहून पाडतील, बाबा?" ती हसली. "घर तुमच्या नावावर आहे ना. दारावर बोट दाबून धरा, नाव दिसते."

दाबून धरलं. माझंच नाव होतं.

"हे केव्हा केलं?"

"दिवाळीतच. नवीन काम मिळणार होतं, मला टाइम नसता भेटला. तुम्ही तर रोज जाता, म्हणून केलं. चलो, मीटिंग आहे. टेन्शन नका घेऊ."

आधी नोंद बघा, मग भांडा, असं मी गावोगाव बजावत आलो, आणि स्वतःच्या घराची नोंद बघितली नाही. त्याची लाज वाटली. पण दिवाळीनंतरही ती दोन महिने येत होती. दगड आणून द्यायची, माझ्या कुंपणाची टिंगल करायची. तेव्हाच तिला माहीत होतं का, की ती यायची थांबणार?

घर वाचलं, याचा आनंद व्हायला हवा. बायकोला सांगितलं, तीही म्हणाली, "अच्छा झालं." मला मात्र वाईट वाटत होतं आणि कशाचं ते उमगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातला त्या घरात एकटा उभा राहिलो तेव्हा थोडं उमगलं. घर पडणार होतं, तोवर तिला बोलवायला मला निमित्त होतं. आता घर पडत नाही, आणि फोन करून तिला काय सांगावं, ते मला सुचत नाही.